रजा कुणाच्या वाट्याला?



हवाई दलातील एअरमनला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असते. कागदावर बेरीज केली की तीन महिने भरतात. गल्लीतल्या बायका तेवढीच बेरीज करतात आणि म्हणतात, "तुझं बरं आहे गं, वर्षातले तीन महिने नवरा घरी! आमच्या दुबईवाल्यांना विचार." पण फौजेत रजा हा हक्क मानला जात नाही, ती सवलत असते. आधी युनिटची गरज, मग रजा. मंजूर झालेली रजा आदल्या रात्री रद्द होऊ शकते, चालू रजेतून परत बोलावणेही येऊ शकते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत हे आपण सर्वांनी पाहिले. लग्नाला आठवडाही न झालेले जवान परत निघाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. गावांनी हार घातले, घोषणा दिल्या. महिनाभराने त्या घरात काय चालले होते हे विचारायला मात्र कुणी गेले नाही.

थोडे एअरमनविषयी, कारण आपल्याकडे हवाई दलात आहे म्हटले की लोकांना तो विमान चालवतो असेच वाटते. विमान चालवणारे अधिकारी असतात. एअरमन म्हणजे विमानाचे इंजिन, सांगाडा, रडार, दारूगोळा, हवामान, भांडार, हिशेब सांभाळणारा माणूस. त्याचे पहिले प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्यात होते. नियमित भरती झालेल्याची पहिली मुदत २० वर्षांची. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा चाळिशीच्या उंबरठ्यावर घरी येतो. संसाराची उमेदीची वर्षे नेमकी तीच. या २० वर्षांत तो कधी पंजाबात, कधी आसामात, कधी अंदमानात असतो. आसामातून सांगलीपर्यंत रेल्वेने यायचे तर दोन-अडीच दिवस गाडीतच जातात आणि परतताना तेवढेच.

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. नावगाव छापू नका असे तिने दोनदा बजावले आहे, म्हणून मी काही तपशीलही बदलले आहेत. पती हवाई दलात कॉर्पोरल, लग्नाला पाच वर्षे, तीन वर्षांचा मुलगा. ती लिहिते:

"हे २६ दिवस घरी होते. मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या, त्या आता मोजल्या. चार दिवस मामेसासऱ्यांच्या मुलीच्या लग्नात गेले. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन यांच्याच रजेसाठी थांबवलं होतं, त्यासाठी मिरजेच्या पाच फेऱ्या झाल्या. तीन दिवस तलाठी आणि बँक. दोन दिवस कौलं फेरली. नणंदबाई मुलांना घेऊन आठ दिवस राहायला आल्या, भावाला भेटायला त्यांनी यायचं नाही तर कुणी यायचं? संध्याकाळी मित्र. आम्ही दोघं मिळून घराबाहेर दोनदाच गेलो. एकदा बँकेत सही करायला आणि एकदा मयतीच्या घरी. मला याचंही काही म्हणायचं नाही. पण हे गेले त्या दिवशी दुपारी पाहुणे जेवायला होते. मी भाकरी थापत होते. डोळ्यांना पाणी आलं, तर जाऊबाई म्हणाल्या, जगावेगळा नवरा गेलाय का तुझा? रोजी-रोटीला गेलाय, रडू नको, नाशुक्री होईल. बाजी, खरंच ही नाशुक्री आहे का?"

नाही. हे मी आधीच स्पष्ट लिहिते, म्हणजे या भगिनीला शेवटापर्यंत वाट पाहावी लागणार नाही. हजरत याकूब (अलै.) यांचा मुलगा मेला नव्हता, दूर गेला होता. त्या विरहात रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआनच सांगते. ते पैगंबर होते आणि सब्र कशाला म्हणतात हे त्यांना आपल्या जाऊबाईंपेक्षा जास्त माहीत होते. सब्र म्हणजे डोळे कोरडे ठेवणे असा अर्थ आपण परस्पर लावून घेतला आहे. आणि गंमत अशी की तो अर्थ घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेलाच लागू होतो. मुलगा निघताना आई रडली तर ती ममता. बायको रडली तर नाशुक्री.

आता हजरत उमर (रजि.) यांची रिवायत. आपल्यापैकी पुष्कळांनी ती बयानात ऐकली असेल, पण ऐकताना आपण खलिफांच्या रात्रीच्या गस्तीचे कौतुक करतो आणि पुढचे सोडून देतो. मदिनेत रात्री फिरताना त्यांनी एका घरातून बाईचा आवाज ऐकला. ती एकटेपणाबद्दल काही ओळी गुणगुणत होती. नवरा जिहादच्या मोहिमेवर गेलेला, रात्र सरत नाही, आणि अल्लाहचे भय नसते तर मन कुठे गेले असते, असा त्याचा मथितार्थ. उमर (रजि.) तिला रागावले नाहीत, तिच्या ईमानावर शंकाही घेतली नाही. ते आपल्या कन्येकडे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले आणि विचारले, स्त्री पतीवाचून किती काळ धीर धरू शकते? बापाने मुलीला हे विचारायचे! त्या लाजल्या, मान खाली घातली. पण त्यांनी उत्तर मागितले, कारण त्यावर हुकूम निघायचा होता. काही रिवायतींत चार महिने सांगितले आहेत, काहींत सहा. त्यानंतर सैन्याला निरोप गेला की विवाहित माणसाला याहून जास्त काळ घराबाहेर ठेवू नये.

या रिवायतीत मला सर्वांत मोठी वाटते ती प्रश्न विचारण्याची गोष्ट. राज्यकर्त्याने, आणि तेही सैन्य मोहिमेवर असताना, बाईच्या एकटेपणाला कारभाराचा विषय मानले. आणि उत्तर बाईकडूनच घेतले. आपल्या घरात रजेचे बेत ठरतात तेव्हा सासरे बोलतात, दीर बोलतात, लग्नघरचे फोन येतात. जिच्यासाठी ही रजा सर्वांत जास्त मोलाची आहे, तिला विचारलेले मी तरी क्वचितच पाहिले आहे.

म्हणून पहिली विनंती घरातल्या वडीलधाऱ्यांना आहे. मुलगा येण्याआधी कामांची यादी करता, तशी त्यातली निम्मी तो नसताना उरकून टाका. तलाठ्याकडे धाकटा मुलगा जाऊ शकतो. कौले पावसाआधी गवंडी फेरू शकतो. पैसे लागतील, तर रजेतले दोन दिवस त्याहून महाग आहेत असे समजा. ऑपरेशनला मुलगा जवळ हवा हे मी समजू शकते. आईचा हक्क मोठा आहे आणि त्याबद्दल वाद घालणार नाही. पण ऑपरेशन रजेच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, शेवटच्या नव्हे. शेवटचे तीन दिवस घर मोकळे ठेवा. त्या दिवसांत पाहुणे बोलावू नका. आणि शक्य असेल तर दोघांना दोन दिवस कुठेतरी जाऊ द्या, मग ते तिचे माहेर असले तरी चालेल. सुनेने नवऱ्यासोबत फिरायला जाणे म्हणजे मुलगा हातचा जाणे, ही भीती बऱ्याच घरांत बोलून दाखवली जात नाही, पण असते. आठ-दहा महिने जो हजार-दोन हजार किलोमीटर लांब आहे, तो दोन दिवस महाबळेश्वरला गेल्याने आणखी किती लांब जाणार आहे?

दुसरे, त्या दोघांसाठी. रजेच्या शेवटच्या दिवसांत भांडण होते. बहुतेक जोडप्यांचे होते, आणि कारण अगदी क्षुल्लक असते. चहा थंड झाला, शर्टाला इस्त्री नीट नव्हती, मुलाला का रागावलीस. तो मनाने अर्धा युनिटमध्ये पोहोचलेला असतो, ती जाणाऱ्या माणसावर आतून चिडलेली असते, आणि रागावून निरोप घेणे रडून निरोप घेण्यापेक्षा सोपे जाते. त्यामुळे असे झाले तर आपले आता पटत नाही असा निष्कर्ष काढू नका. फक्त गाडीत बसण्याआधी ते मिटवा. फोनवर मिटवणे अवघड असते, कारण तिकडे तो बराकीत चार जणांत असतो आणि इकडे ती चुलीपुढे चार जणींत.

तो गेल्यानंतरचा आठवडा सर्वांत वाईट, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. पहिल्या दिवशी निदान धावपळ असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर पूर्ववत होते, त्याची कॉट पुन्हा बाहेरच्या खोलीत जाते, आणि तिच्याकडून अपेक्षा असते की तीही पूर्ववत व्हावी. तिकडे त्याला निदान ड्यूटी असते, विमान दुरुस्त व्हायचे असते, सोबतचे पाच जणही घर सोडून आलेले असतात. तिचे सगळे जिथल्या तिथे असते, फक्त तो नसतो. मला विचाराल तर या आठवड्यात तिला माहेरी पाठवावे. चार दिवस. बरीच घरे उलट करतात: रजेत इतके दिवस कामे अडली म्हणून सगळी याच आठवड्यात काढतात.

आणि मग महिन्याभराने तो प्रश्न येतो. "काय गं, काही बातमी?" विहिरीवर, लग्नात, दवाखान्यात. विचारणाऱ्या बाईला त्यात वावगे वाटत नाही. पण ज्या जोडप्याला वर्षात मोजके दिवस मिळतात, त्यांच्यासाठी रजा म्हणजे जणू परीक्षा आणि पुढचा महिना म्हणजे निकाल, असे करून टाकतो आपण. मूल होणे न होणे अल्लाहच्या हाती आहे हे आपणच सांगतो आणि आपणच दर महिन्याला चौकशी करतो. कृपा करून हे बंद करा.

मुलांचेही वेगळे असते. लहान मूल पहिले आठ दिवस बापाला लाजते, आईच्या मागे लपते. मग हळूहळू त्याच्या पोटावर झोपायला लागते, आणि तोवर ट्रंक भरायची वेळ येते. पुष्कळ घरांत रडारड नको म्हणून मूल झोपलेले असताना बाप निघतो आणि सकाळी सांगतात, अब्बा दुकानात गेलेत. मूल संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहते, दुसऱ्या दिवशीही पाहते. मग आईने बाथरूमला जायचे म्हटले तरी ते किंचाळते, कारण न सांगता जाणारी माणसे परत येत नाहीत हे ते शिकलेले असते. जागे करा, सांगा, रडू द्या. अब्बा विमानांची दुरुस्ती करायला गेलेत आणि अमुक सणाला येणार, एवढे तीन वर्षांच्या मुलाला कळते. तारीख मात्र सांगू नका. तारखा फौजेच्या हातात असतात.

आता ज्या विषयावर मला पत्रे येतील याची खात्री आहे तो विषय. वर मी जी ताटातूट सांगितली ती नोकरीने लादलेली. लडाखमध्ये थॉइससारख्या ठिकाणी पोस्टिंग असेल तर कुटुंब नेता येत नाही, तिथे इलाज नाही. पण हवाई दलाची सगळीच ठिकाणे तशी नाहीत. पुणे, नागपूर, ओझर, बेळगाव, बंगळुरू, अंबाला अशा ठिकाणी कुटुंबासह राहता येते. क्वार्टर मिळायला थांबावे लागते, तोवर बाहेर भाड्याने घर घेणारे पुष्कळ आहेत. मुलांना केंद्रीय विद्यालय असते, औषधपाण्याला सरकारी व्यवस्था असते. म्हणजे नोकरी परवानगी देते. परवानगी घर देत नाही. "सून नेलीस तर आम्हाला कोण बघणार?" या एका वाक्यावर पाच-पाच, सात-सात वर्षे बायका गावी राहिल्या आहेत, आणि क्वार्टरच्या यादीत त्याचे नाव वर आले तरी त्याने ते सोडून दिले आहे.

आई-वडिलांची जबाबदारी नाकारा असे मी म्हणत नाही. म्हातारपणी एकटे पडणे काय असते ते मी जवळून पाहते. पण ती जबाबदारी मुलांची आहे, सर्व मुलांची आणि मुलींचीही. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेने केली तर ती तिची नेकी, तिचा एहसान. शरीयतने ती तिच्यावर फर्ज केलेली नाही, हे आपले उलमाही सांगतात, फक्त जुम्याच्या खुतब्यात क्वचित सांगतात. कुरआनात, सूरह बकरामध्ये, बायकोपासून दूर राहण्याची शपथ घेणाऱ्या पुरुषाला चार महिन्यांची हद्द घातली आहे. रागाच्या भरात शपथ घेणाऱ्यालाही जिथे मर्यादा आहे, तिथे बिनरागाचे, बिनशपथेचे, केवळ भाकरीसाठी माणूस कमी पडते म्हणून दोघांना वर्षभर वेगळे ठेवायचे, हे कोणत्या हिशेबात बसते? मधला मार्ग काढणारी घरे आहेत. मी एक घर ओळखते, तिथे सासूबाईच सहा महिने मुलाकडे क्वार्टरमध्ये जातात आणि सहा महिने गावी धाकट्याकडे राहतात. सुरुवातीला त्यांना तिकडचे पाणी मानवले नाही. आता तिकडच्या शेजारणींशी मोडक्या हिंदीत इतक्या बोलतात की परत यायला कुरकुरतात.

हे बोलायचे कुणी? त्याने. सुनेने तोंड उघडले की ती घरफोडी ठरते. बायकोला "तू अम्मीला विचार" असे सांगून गाडीत बसणारे पती मला अजिबात आवडत नाहीत, मग ते गणवेशात कितीही रुबाबदार दिसोत.

पैशांचे थोडक्यात. पगार वडिलांच्या खात्यात आणि बायकोला औषधालाही दिराकडे हात पसरावा लागतो, असे असेल तर हे लक्षात ठेवा की पत्नीचा खर्च पतीवर वाजिब आहे, दिरावर नाही. रक्कम लहान असली तरी दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यात थेट यावी. कागदपत्रांचेही रजेतच बघून घ्या. निकाहनामा उर्दूत असतो, त्यात नाव एक, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाहनोंदणी करून घ्या, नाव सगळीकडे एकच करा, लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद त्याच्या सेवापुस्तकात झाली आहे ना हे त्याला विचारा, विम्याचा वारस कोण लिहिला आहे तेही विचारा. लग्नाआधी आईचे नाव लिहिलेले असते आणि पुढे ते बदलायचे राहून जाते. विचारायला संकोच वाटतो, अशुभ बोलल्यासारखे वाटते. तरी विचारा. पती सेवेत असताना गावाकडे अडचण आली तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. त्याचा पत्ता घरात लिहून ठेवा. आणि तो कधी निघाला, कोणत्या गाडीने, कुठे पोहोचला हे मोबाईलच्या स्टेटसवर टाकू नका.

एक नवी गोष्ट मुलींच्या आई-वडिलांसाठी. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. हवाई दलात अग्निवीर म्हणून जाणाऱ्या मुलाची मुदत चार वर्षांची, रजा वर्षाला ३० दिवसांची, आणि या चार वर्षांत त्याला लग्न करता येत नाही. मुदत संपल्यावर त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. मुलगा भरती झाला की आपल्याकडे लगेच मंगनी उरकतात आणि "रजेवर आला की गुपचूप निकाह लावून टाकू, नोंद नंतर करू" असा सल्ला देणारे शहाणे निघतात. असे करू नका. त्यात त्याची नोकरी धोक्यात येते आणि मुलगी अशा घरात अडकते जिथे तिला बायको म्हणून कागदावर दाखवता येत नाही. मुलगी वीस वर्षांची असेल आणि चार वर्षे थांबायचे असेल, तर तिला तिचे शिक्षण पुरे करू द्या. आणि थांबायचे का, हे तिला विचारा.

पुढच्या अंकात बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरांविषयी लिहायचे आहे, इन्शाअल्लाह. रत्नागिरी-रायगडकडच्या भगिनींनी जरूर लिहावे. नाव घातले नाही तरी चालेल, पण पती घरी नसताना घरातला निर्णय कोण घेतो, एवढे मात्र लिहा.